आधी बाजार फिरून ये

वार्षिकांकासाठी लेख मागवणारी सूचना ग्रंथालयाच्या फलकावर लागली, तेव्हा त्यात सुचवलेल्या विषयांत ‘दैनंदिन जीवनातील डिजिटल साधने’ हा एक विषय होता. मैत्रिणी म्हणाल्या, हा विषय विज्ञान शाखेच्या मुलांचा. आपण कलाशाखेच्या मुलींनी फार तर कविता द्यावी. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु गेल्या वर्षी याच साधनामुळे आमच्या घरात जे घडले ते आठवले, आणि वाटले की हा विषय यंत्राचा कमी आणि माणसाचा अधिक आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरातले सारे जण मोबाईल माझ्या हातात देतात आणि म्हणतात, “तू शिकल्याली हायेस, तूच बघ.” त्या ‘तूच बघ’ची जबाबदारी किती मोठी असते, ते मला उशिरा कळले. हे टिपण त्याविषयी आहे. विद्वत्तेचा दावा नाही. चुका आढळल्यास प्राध्यापकवर्गाने त्या जरूर दाखवून द्याव्यात.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. पाऊस बेताचा, जमीन जिरायत. गेल्या वर्षी शाळवाच्या पेरणीच्या तोंडावर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक शेळी विकायचे ठरवले. बाजारात नेली की दलाल पाडून मागतो, म्हणून मीच सुचवले की फोटो काढून मोबाईलवर टाकू. खरेदी-विक्रीच्या एका गटात मी शेळीचा फोटो आणि माझा नंबर टाकला. दुसऱ्याच दिवशी फोन आला. बोलणारा म्हणाला, मी लष्करात आहे, रजेवर गावी येणार आहे, शेळी फोटोवरूनच पसंत आहे. माणूस टेम्पो घेऊन येईल, पैसे मात्र आत्ताच पाठवतो. ‘लष्करात’ हा शब्द ऐकताच आण्णा सावरून बसले. आमच्या भागात सैन्यात गेलेला माणूस घरोघरी सापडतो. त्या शब्दावर अविश्वास दाखवणे आम्हांला जमत नाही, आणि फसवणाऱ्याने नेमके तेच हेरले होते. आण्णांनी ७,५०० रुपये सांगितले. त्याने एका शब्दानेही घासाघीस केली नाही.

त्याने माझ्या मोबाईलवर क्यूआर कोडचे एक चित्र पाठवले. चित्राच्या वर ठळक अक्षरांत ‘७,५०० रुपये मिळवा’ असे लिहिले होते. बँकेचे खाते आण्णांच्या मोबाईलला जोडलेले, म्हणून त्यांच्या मोबाईलने मी ते चित्र स्कॅन केले. आण्णा म्हणाले, “पिन मागतंय गं.” मी म्हणाले, “टाका.”

हे ‘टाका’ मी आजवर विसरू शकलेले नाही. पैसे आले नाहीत, गेले. बियाणे आणि खत यांसाठी खात्यात ठेवलेले ते पैसे होते. शेळी दावणीला तशीच उभी होती. त्या रात्री घरात मला कोणी रागावले नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

आता यात माझी चूक नेमकी काय झाली, ते मी पुष्कळदा स्वतःशी मांडून पाहिले आहे. मी चित्रावरची अक्षरे वाचली, पण पडद्यावरची वाचली नाहीत. चित्रावर काय लिहायचे ते त्या ठगाच्या हातात होते. कोड स्कॅन केल्यानंतर पडद्यावर जे उमटते, ते त्याला बदलता येत नाही. तिथे रक्कम होती, घेणाऱ्याचे नाव होते आणि ‘पे’ हा शब्द इंग्रजीत स्वच्छ लिहिलेला होता. बी.ए.च्या वर्गात इंग्रजीचा पेपर सोडवणारी मी, घाईत तो तीन अक्षरी शब्द वाचू शकले नाही. वास्तविक यूपीआय ही व्यवस्था आपल्याकडे २०१६ साली सुरू झाली आणि तिचा मूळ नियम अगदी साधा आहे: पिन लागतो तो आपल्या खात्यातून पैसे बाहेर जाताना, किंवा खात्यात शिल्लक किती ते पाहताना. पैसे आत येताना पिन लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. वाण्याच्या गल्ल्यावर चिकटवलेला कोड आपण स्कॅन करतो तेव्हा पैसे आपले जातात. हे रोज डोळ्यांनी पाहणाऱ्या मुलीला, कोड स्कॅन करून पैसे येतील असे कसे वाटले? मला वाटते, समोरचा माणूस घाई करत होता म्हणून. तो फोन कानाला लावून “झालं का, झालं का” असे सारखे विचारत होता.

लाजेपायी आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणाला काही बोललो नाही. कॉलेजात एका सरांपाशी रडत सांगितले, तेव्हा त्यांनी १९३० हा क्रमांक लावून दिला. आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवण्यासाठी देशभर हाच क्रमांक आहे. तक्रार नोंदली की बँकेकडून बँकेकडे निरोप जातो, आणि पैसे ज्या खात्यात पोहोचले असतील तिथेच ते रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. म्हणजे इथे तासांना किंमत आहे. आमचे पैसे तोवर एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेले होते. ते अद्याप आलेले नाहीत. आम्ही एक दिवस लाजलो नसतो तर कदाचित काही हाती लागले असते, ही रुखरुख आहेच. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी आधी फोन लावावा, मग रडावे.

त्यानंतर मी पहिली गोष्ट केली ती ही, की आण्णांच्या मोबाईलवरील ॲपची भाषा मराठी करून दिली. बहुतेक ॲपमध्ये ती सोय असते. आपणच ती वापरत नाही, इंग्रजी ठेवण्यात आपल्याला उगाच मोठेपणा वाटतो. आता पैसे देताना आण्णा पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचतात, रक्कम मोठ्याने वाचतात आणि मग पिन टाकतात. वाण्याच्या दुकानात लोक हसतात. आण्णा हसू देतात.

आई मात्र एवढेच म्हणाली, “ज्यो गिऱ्हाईक भावच करत न्हाय, त्यो कसला गिऱ्हाईक? आदी बाजार फिरून यायचा आसतोय बाय.” आई आठवड्याच्या बाजाराला जाते, तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकाम्या पिशवीने एक फेरी मारते. वांगी कुठे कशी, मिरचीचा भाव काय, कोणाच्या पाटीत वरचा माल ताजा आणि खालचा शिळा, हे सारे नजरेखालून घालते. मग परत फिरताना पिशवी उघडते. लहानपणी मला या फेरीचा कंटाळा येई. आता कळते की ती फेरी म्हणजेच खरेदी होती. पैसे देणे हा तिचा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग होता.

मोबाईलवरच्या बाजाराने नेमकी ही फेरीच काढून टाकली आहे. तिथे दुकान आपल्या हातात येते, आणि येताना एक घड्याळही घेऊन येते. ‘सवलत संपायला १४ मिनिटे’, ‘फक्त २ नग शिल्लक’, ‘आत्ता इतके लोक हीच वस्तू पाहत आहेत’. कॉलेजसाठी एक पाठीवरची पिशवी मला हवी होती. असेच घड्याळ दिसले तेव्हा शेळीच्या आठवणीने मी सावध झाले आणि ती पिशवी टोपलीत टाकून तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहते तो घड्याळ पुन्हा पहिल्यापासून चालू झालेले, आणि शिल्लक नग दोनच! मग मला हसू आले. आमच्या बाजारातला साडीवालासुद्धा ‘शेवटचा नग, शेवटचा नग’ म्हणून ओरडतो. पण त्याच्या मागचे गाठोडे आपल्याला दिसत असते.

अशा युक्त्यांना आपल्या कायद्यानेही नाव दिले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत १३ प्रकारचे फसवे आराखडे सांगितले आहेत. खोटी घाई करणे हा त्यातला एक. न विचारता टोपलीत दुसरी वस्तू सरकवणे हा दुसरा. किंमत आधी कमी दाखवून शेवटच्या पानावर हळूच आकार वाढवत नेणे हा आणखी एक. ‘नको, मला बचत करायची नाही’ असे बटण ठेवून नकार देणाऱ्याला लाजवणे, हाही त्यात आहे. हा शेवटचा वाचून मला मोठे आश्चर्य वाटले. कारण लाजून हो म्हणणे हा केवळ आपल्या खेड्यातल्या माणसांचा दुबळेपणा आहे, असे मी समजत होते. त्याहीआधी, २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्री करणाऱ्या संस्थेला तक्रार अधिकारी नेमणे भाग पाडले. तक्रार पोहोचल्याची पोच त्याने ४८ तासांत दिली पाहिजे आणि तिचे निवारण महिन्याभरात केले पाहिजे. ग्राहकाची संमती आधीच टिचकी मारून ठेवलेल्या चौकोनातून घ्यायची नाही, हेही त्याच नियमांत आहे. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५.

कायदा आहे म्हणून फेरी मारणे चुकत नाही. मी आता तीन गोष्टी करते. वस्तू टोपलीत टाकून एक रात्र जाऊ देते. पाच तारे देणाऱ्यांची स्तुती सोडून दोन आणि तीन तारे देणाऱ्यांचे म्हणणे वाचते, कारण रागावलेला आणि खूष झालेला दोघेही अर्धेच सांगतात. आणि किराण्याची वस्तू असेल, तर पुड्यावर दर ग्रॅमची किंमत छापलेली असते ती पाहते. मोठा पुडा नेहमीच स्वस्त पडतो, हा आपला समज दर वेळी खरा ठरत नाही. बाकी, पिशवी मी शेवटी तालुक्याच्या दुकानातूनच घेतली. चाळीस रुपये जास्त गेले. पण बंद तुटला तेव्हा दुकानदाराने समोर बसून शिवून दिला.

अभ्यासाच्या बाबतीत मात्र या साधनाचे उपकार मानावेत तेवढे थोडेच. आमच्या घरात पुस्तक म्हणून एक पंचांग आणि पोथ्या. शब्दकोश विकत घेणे दूरच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम छापला गेला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली निघाली, हे सरांनी वर्गात सांगितले होते. तो कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो, हे मला मोबाईलवर सापडले. सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठाने जपलेला कोश माणच्या माळावर उघडतो, आणि आजीच्या तोंडचा जो शब्द मला ‘अशुद्ध’ वाटायचा, तो त्यात चांगला ऐटीत बसलेला दिसतो! दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे. मराठी विश्वकोशाचे काम ज्या वाईत झाले, ती वाई तर आमच्याच जिल्ह्यात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. ते जाडजूड खंड आमच्या गावात कधी आले नाहीत, पण आता त्यांतील नोंदी मी एस.टी.त बसून वाचते. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या व्यासपीठावरचे अभ्यासक्रम शिकायला पैसे पडत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरावे लागते. हे सारे आपल्या वर्गातल्या कितीजणांना ठाऊक आहे?

आता एक कबुली. पहिल्या सत्रात ‘ओवी’ या विषयावर निबंध लिहायचा होता. वेळ थोडा होता, म्हणून मी कृत्रिम बुद्धीच्या एका ॲपला प्रश्न विचारला. उत्तर इतके सफाईदार आले की मी थक्क झाले. त्यात एका ग्रंथाचे नाव होते, लेखकाचे नाव होते, पृष्ठक्रमांकसुद्धा होता. मी ते उतरवून काढले. पण पिशवीच्या अनुभवाने अंगात थोडी खोड शिरली होती. म्हटले, ग्रंथ एकदा पाहून तरी येऊ. ग्रंथपालांनी संगणकावर शोधले, जुनी नोंदवही काढली, शेवटी त्या विषयाच्या कपाटापुढे मला उभे केले. ग्रंथ नव्हता. मराठीच्या सरांना विचारले तर ते म्हणाले, “हा ग्रंथ आमच्या ऐकिवात नाही. लेखकही नाही.” यंत्राने तो रचला होता, पृष्ठक्रमांकासकट.

सरांनी मग समजावून सांगितले. हे यंत्र अफाट मजकूर वाचून तयार झालेले असते, आणि कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, या हिशेबाने ते वाक्य जुळवत जाते. त्यामुळे त्याची भाषा नेहमी खात्रीची असते. माहिती खात्रीची असेलच असे नाही. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द त्याच्या तोंडून सहजासहजी निघत नाहीत. (हे वाचून काही विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षेतील उत्तरे आठवल्यास दोष माझा नव्हे.) मी ते साधन टाकून दिलेले नाही. इंग्रजी समीक्षेचा एखादा परिच्छेद अडला, तर तो सोप्या मराठीत सांगायला मी त्याला सांगते आणि मग मूळ परिच्छेद पुन्हा वाचते. धडा वाचून झाल्यावर ‘मला यावर दहा प्रश्न विचार’ असेही सांगते. प्रश्न त्याने विचारायचे आणि उत्तरे मी वहीत लिहायची. निबंध मात्र ते लिहीत नाही. सरळ सांगायचे तर, आण्णा शेळी विकून मला शिकवतात ते त्या यंत्राने शिकावे म्हणून नव्हे.

निबंधाचे ते पान फाडून टाकल्यावर लक्षात आले की ओवी शोधायला मी सगळीकडे गेले, फक्त माजघरात गेले नाही. आजीला ओव्या येतात. गिरणी आल्यापासून जाते कोपऱ्यात पडले होते. मी मोबाईल पुढे करून म्हटले, “आजी, म्हण.” आजीला आठवेचना. ती म्हणाली, “हात फिरल्याबिगार त्वांडात येत न्हाय पोरी.” मग जाते धुतले, खुंटा ठोकला, मूठभर ज्वारी घातली. आजीचा हात फिरू लागला आणि पहिल्या चार फेऱ्यांनंतर आवाज आपोआप आला. मी मोबाईल जात्याजवळ जमिनीवर ठेवला होता; नंतर ऐकते तर नुसती घरघर, आजी कुठे नाहीच. दुसऱ्या दिवशी घडी घातलेल्या धडप्यावर तो दिवळीत ठेवला, तेव्हा आवाज नीट उतरला.

अशा ओव्या गोळा करण्याचे फार मोठे काम हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी केले आहे. पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या आवाजासह प्रसिद्ध होत आल्या आहेत. त्यांतल्या काही मी आजीला मोबाईलवर ऐकवल्या. मुळशीकडच्या कोणा बाईचा आवाज ऐकून आजी दचकली, मग म्हणाली, “ही आमची बी हाय की! पर हिनं दुसरी वळ येगळी लावल्याय.” आणि लगेच आपली ओळ म्हणून दाखवली. त्या एका वाक्यात मला पाठभेद म्हणजे काय ते कळले. वर्गात दोन तास ते कळले नव्हते.

ओव्या उतरवून घेताना आणखी एक गोष्ट अनुभवास आली. बोललेले ऐकून मोबाईल आपोआप मराठीत टंकतो, म्हणून मी ध्वनिमुद्रण त्याच्यापुढे वाजवले. त्याने आजीची भाषा सुधारून टाकली! ‘ल्योक’चा ‘लेक’ झाला, म्हणजे मुलाची मुलगीच झाली. शेवटी सुचवण्या बंद करून एकेक अक्षर हातानेच टंकावे लागले. ज्या कामात यंत्राला आपल्यापेक्षा अधिक कळते असे वाटते, तिथे ते आपल्याला हळूच पुस्तकी करून सोडते.

चुलतभाऊ म्हणाला, याला संगीत लाव, तुकडे कर आणि रील म्हणून टाक, हजारो लोक पाहतील. मलाही मोह झाला. पण आजीच्या ओव्यांत माणसांची नावे आहेत. तिचा एक भाऊ तरुणपणी विहिरीच्या कामावर गेला, त्याचे नाव आहे; सासरच्या काही माणसांबद्दल आहे, ती माणसे हयात आहेत. मी आजीला विचारले. तिने बराच वेळ जात्याची कड पुसली आणि म्हणाली, “द्येवाच्या ओव्या टाक. बाकी ऱ्हाऊ दे, त्या मी जात्याला सांगितल्याल्या हायत.” तेव्हा देवाच्या अकरा ओव्या मी टाकल्या आहेत. पाहणारे हजारो नाहीत. बावन्न आहेत, पैकी काही आपल्याच वर्गातले.

वहीत मात्र त्रेचाळीस ओव्या झाल्या आहेत आणि ध्वनिमुद्रणे मोबाईलखेरीज कॉलेजच्या संगणकावर आजीच्या परवानगीने निराळी ठेवली आहेत. भावाच्या ओव्या अजून पुऱ्या व्हायच्या आहेत. त्या आजी गिरणीच्या ज्वारीवर म्हणायला तयार नाही. शाळू निघाला की नव्या दाण्यांवर म्हणेन, असे तिने सांगितले आहे.